होडीवरची वीज आणि तिची बोली

मुंबईहून गोव्याला होडीने निघालो तेव्हा माझ्याकडे एकच काम होते, ते म्हणजे कोणाच्या मध्ये न येणे. होडी मित्राची. अडतीस फुटी, शिडाची, वीस वर्षांची जुनी. तो, त्याच्याकडे काम करणारा हर्णैचा एक खलाशी आणि मी, असे तिघे. माझी सगळी नोकरी विजेच्या उपकेंद्रांमध्ये गेली. समुद्राशी माझा संबंध बाजारातल्या कोळंबीपुरता.

हर्णैला एक मुक्काम करून आम्ही पुढे निघालो. दुसऱ्या रात्री जयगडचा दिवा मागे पडत असताना मित्राने हाक मारली, "अरे, हे बघ काय चाललंय." सुकाणूजवळच्या पडद्यावर बॅटरीची टक्केवारी दिसत होती. ८१. मी चष्मा लावेपर्यंत ती ३८ झाली होती. दोन क्षणांनी पुन्हा ८१, पुन्हा ३८. शेजारचा व्होल्टचा आकडाही तसाच नाचत होता. कधी १३.२, कधी १२.०.

मित्राने शहाण्या माणसाने करावे तेच केले. दोन आकड्यांपैकी वाईट तो खरा मानला. फ्रिज बंद, रडार बंद, आणि बॅटरी भरावी म्हणून इंजिन चालू. खलाशी म्हणाला, "साहेब, लाइट तर मंद झाली नाय." जुन्या काळी हा पुरावा पुरला असता. तारेचा बल्ब बॅटरीबरोबर मलूल होत जातो. पण आता होडीवर एलईडी दिवे असतात, आणि त्यांच्यातली चांगली जात व्होल्ट उतरले तरी शेवटपर्यंत सारख्याच प्रकाशाने जळते, मग एकदम विझते. दिव्याकडे पाहून काही कळण्याचे दिवस गेले.

तीन तास इंजिन चालले. ८१ चे ९७ झाले. ३८ मात्र ३८ च राहिले. आता मित्र खरोखर घाबरला. बॅटरी विजेला दादच देत नाही, असा त्याचा समज झाला. मला तेवढ्यात एवढेच सुचले की एकच बॅटरी एकाच वेळी भरतही असेल आणि भरत नसेलही, असे होऊ शकत नाही. याचा अर्थ बोलणारे दोघे आहेत आणि पडदा दोघांना एकच समजतो आहे.

झाले होते तसेच. हा घोळ दुसऱ्या दिवशी गोव्यात दहा मिनिटांत सुटला. पण तो का झाला हे समजून घ्यायला मला पुढचे काही महिने वाचन करावे लागले. त्या वाचनाचा हा गोषवारा.

हिशेबाची वही

शिडाच्या होडीला वीज कशाला लागते, असे विचारणारे अजून भेटतात. वारा होडीला पुढे नेतो, पण रात्री डोलकाठीवरचा दिवा, व्हीएचएफ रेडिओ, जवळपासच्या जहाजांना आपली ओळख कळवणारी एआयएस यंत्रणा, खोली मोजणारे यंत्र आणि सुकाणू धरणारा स्वयंचालक हे सगळे विजेवर चालते. एकट्याने लांबचा प्रवास करणाऱ्याला हा स्वयंचालक म्हणजे दुसरा माणूसच. दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये, कुठेही न थांबता, गोव्यात बांधलेल्या 'म्हादेई'वरून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात खलाशी झोपतो तेव्हा सुकाणू कोणीतरी धरावेच लागते.

साध्या होडीवर बहुधा दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिन सुरू करण्यापुरती, दुसरी बाकी सगळ्या वापराची. मित्राच्या होडीवर तिसरीही होती. नांगर ओढणारे यंत्र होडीच्या नाळेत, म्हणजे अगदी पुढच्या टोकाला असते. ते चालताना फार मोठा प्रवाह खाते, म्हणून त्याची बॅटरी तिथेच शेजारी ठेवली होती. वीज भरणारेही अनेक असतात. इंजिनावरचा अल्टरनेटर, छतावरचे सौर पत्रे आणि धक्क्याला लागल्यावर किनाऱ्यावरची वीज.

खर्चाचा अंदाज सोपा आहे. सगळे मिळून सरासरी ८ अँपिअर प्रवाह लागतो असे धरले, तर चोवीस तासांत १९२ अँपिअर-तास खर्च होतात. २०० अँपिअर-तासांची शिशाची बॅटरी निम्मीच वापरावी असा दंडक आहे. त्याखाली वारंवार उतरवली तर तिचे आयुष्य घटते. म्हणजे हाताशी १००, आणि ती बारा-साडेबारा तासांत संपणार. संध्याकाळी सहाला निघालेल्या माणसाला सकाळी सहाला उत्तर हवे असते. त्यामुळे बॅटरीत किती उरले आहे, हा प्रश्न पिण्याचे पाणी किती उरले आहे या प्रश्नाइतकाच रोजचा आहे.

आणि तो अवघड आहे. पाण्याच्या टाकीत काठी बुडवून बघता येते. बॅटरीत तशी काठी नाही. शिशाची बॅटरी काही तास स्वस्थ ठेवली तर तिच्या व्होल्टवरून अंदाज येतो. भरलेली सुमारे १२.७, निम्मी सुमारे १२.१. पण चालत्या होडीवर बॅटरी स्वस्थ कधी असते? लिथियम आयर्न फॉस्फेट जातीच्या नव्या बॅटरीत तर हाही आधार जातो. तिचा व्होल्ट मधल्या मोठ्या पट्ट्यात जवळजवळ सपाट असतो. ७० टक्के असो की ४०, आकडा १३ च्या थोडा वर घुटमळतो.

म्हणून आत गेलेली आणि बाहेर आलेली वीज मोजत राहायची, हा मार्ग उरतो. बॅटरीच्या ऋण टोकावर शंट नावाचा धातूचा जाड तुकडा बसवतात. त्यातून ५०० अँपिअर वाहिले की त्याच्या दोन टोकांत ५० मिलिव्होल्टचा फरक पडतो, १०० अँपिअर वाहिले की १० मिलिव्होल्टचा. हा सूक्ष्म फरक मोजून यंत्र क्षणोक्षणी जमाखर्च मांडते. जोराने उपसलेली शिशाची बॅटरी आपल्या लिखित क्षमतेपेक्षा कमी देते, हा नियम पॉइकर्ट या जर्मन शास्त्रज्ञाने १८९७ मध्ये मांडला. तोही हिशेबात धरावा लागतो. तरी छोट्या चुका साचत जातात. बॅटरी पूर्ण भरली की यंत्र आकडा १०० वर आणून वही नव्याने उघडते.

पडद्यावरची टक्केवारी मोजलेली नसते, मांडलेली असते, हे इथे लक्षात ठेवायला हवे. वाण्याच्या वहीतल्या बाकीसारखी ती आहे. वही नीट ठेवली असेल तर बाकी बरोबर.

एक बोलतो, बाकीचे ऐकतात

हा हिशेब शंटजवळच्या यंत्रात असतो, म्हणजे बहुधा बाकाखाली, बॅटरीच्या खणात. तो सुकाणूवरच्या माणसाला दिसायचा तर तिथपर्यंत पोहोचायला हवा. इथे भाषेचा प्रश्न येतो.

होड्यांवरची उपकरणे बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांची एनएमईए ही संघटना अमेरिकेत १९५७ पासून आहे. एका कंपनीचा दिशादर्शक आणि दुसरीचा स्वयंचालक एकमेकांशी बोलावेत म्हणून तिने १९८३ मध्ये एनएमईए ०१८३ हे मानक आणले. त्याची भाषा माणसालाही वाचता येते. प्रत्येक वाक्य डॉलरच्या चिन्हाने सुरू होते, मग बोलणाऱ्याची दोन अक्षरी ओळख, वाक्याचा प्रकार, आणि पुढे स्वल्पविरामांनी तोडलेले आकडे. शेवटी वाक्य वाटेत बिघडले नाही ना, हे ताडून पाहायची एक छोटी बेरीज. वेग सेकंदाला ४८०० बिट. जीपीएसपुरते हे भरपूर होते आणि आजही अनेक मासेमारी नौकांवर ते सुखाने चालते.

त्याची मर्यादा रचनेत आहे. एका तारेवर एकच बोलणारा, बाकीचे ऐकणारे. गावात एकच दवंडीवाला असावा तसे. बोलणारे वाढले की प्रत्येकाला वेगळी तार. खोलीमापक, वाऱ्याचा मापक, जीपीएस, होकायंत्र, इंजिन आणि आता बॅटऱ्या. पॅनेलमागे तारांचे जंगल होते आणि त्यांना एकत्र आणायला आणखी एक डबा बसवावा लागतो.

उत्तर मोटारींच्या धंद्यातून आले. जर्मनीतल्या बॉश कंपनीत १९८३ पासून मोटारीतल्या यंत्रांना दोन तारांवर बोलते करण्याचे काम चालले होते. फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइटच्या परिषदेत ते जगापुढे आले. ही कॅन बस. तिच्यावर बेतलेली जे१९३९ ही बोली ट्रकांनी घेतली, तिची बहीण ट्रॅक्टरांनी घेतली, आणि २००० सालाच्या आसपास तिच्यावरूनच होड्यांसाठी एनएमईए २००० तयार झाली.

कॅन बसची गंमत समजायला विजेचे ज्ञान लागत नाही. एकमेकींभोवती पिळलेल्या दोन तारा आहेत. कोणी बोलत नसताना दोन्ही सुमारे अडीच व्होल्टवर असतात. 'शून्य' म्हणायचे असेल तर उपकरण एक तार साडेतीनवर ओढते आणि दुसरी दीडवर ढकलते. 'एक' म्हणायचे असेल तर काहीच करत नाही, तारा आपोआप मूळ जागी येतात. म्हणजे शून्य हा जोर लावून काढलेला शब्द आहे आणि एक म्हणजे मौन. दोघे एकाच क्षणी बोलले, एक शून्य म्हणाला आणि दुसरा एक, तर तारेवर शून्यच ऐकू येते.

आता समजा दोन उपकरणांनी एकदमच बोलायला सुरुवात केली. प्रत्येक जण बोलता बोलता तारेवर काय उमटते आहे तेही ऐकतो. निरोपाच्या सुरुवातीला २९ बिटांचा एक क्रमांक असतो, त्यात निरोपाची निकड आणि विषय येतो. दोघांचे क्रमांक सारखे असेपर्यंत कोणालाच काही कळत नाही. जिथे पहिला शून्य म्हणतो आणि दुसरा मौन धरतो, तिथे दुसऱ्याला मौनाऐवजी शून्य ऐकू येते. तो तिथल्या तिथे थांबतो. पहिल्याला कोणी मध्ये बोलले होते याचा पत्ताही लागत नाही, त्याचा निरोप अखंड पोहोचतो. मग दुसरा पुन्हा प्रयत्न करतो. सभापती नाही, घंटा नाही, तरी निरोप चिरडले जात नाहीत. सुकाणू वळवण्याचा निरोप बॅटरीच्या तापमानापुढे जातो, कारण त्याचा क्रमांक लहान ठेवलेला असतो.

या शिस्तीची किंमत अंतरात मोजावी लागते. वेग सेकंदाला अडीच लाख बिट, म्हणजे एका बिटाला चार मायक्रोसेकंद. तेवढ्या वेळात तारेच्या एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला जाऊन परत ऐकू आला पाहिजे, नाहीतर दोघांनाही आपणच जिंकलो असे वाटेल. म्हणून होड्यांवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या बारीक केबलचा मुख्य कणा १०० मीटरपर्यंतच ठेवायचा, त्याला फुटणारी प्रत्येक फांदी ६ मीटरपर्यंतच, आणि उपकरणे जास्तीत जास्त ५०, असे नियम आहेत.

कण्याच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा एकेक रोध लावतात. तो नसेल तर टोकावरून संकेत प्रतिध्वनीसारखा परत फिरतो आणि पुढच्या बिटांत मिसळतो. यावरून तपासणीची सर्वांत स्वस्त युक्ती निघते. जाळ्याची वीज बंद करून संकेताच्या दोन तारांमध्ये साधा मल्टिमीटर लावायचा. १२० चे दोन रोध समांतर असले की ६० ओहम दिसतात. १२० दिसले तर एक रोध हरवला आहे. ४० दिसले तर कोणीतरी तिसरा लावून ठेवला आहे.

आठ बाइटांचा निरोप

एनएमईए २००० मध्ये प्रत्येक विषयाला एक क्रमांक दिला आहे. त्याला पीजीएन म्हणतात. बॅटरीच्या स्थितीचा क्रमांक १२७५०८. हा निरोप साधारण दर दीड सेकंदाला जातो. कॅनच्या एका चौकटीत आठच बाइट मावतात, आणि हा निरोप त्यांत नेमका बसवला आहे. एक बाइट बॅटरीच्या अनुक्रमांकाला, दोन व्होल्टला, दोन प्रवाहाला, दोन तापमानाला आणि शेवटचा एकाच वेळी घेतलेली मापे ओळखण्यासाठी.

आकडे कसे लिहितात तेही पाहण्यासारखे आहे. व्होल्ट शतांशांत मोजतात, १३.२० व्होल्ट म्हणजे १३२०. प्रवाह दशांशांत, आत येणारा अधिक, बाहेर जाणारा उणे. तापमान केल्विनमध्ये आणि तेही शतांशांत, त्यामुळे ३० अंश सेल्सिअसचे ३०३१५ होतात. केल्विन घेतले की उणे तापमानाची कटकट राहत नाही. 'मला माहीत नाही' यासाठीही वेगळा आकडा राखून ठेवला आहे. तापमान मोजणारी तार जोडलेली नसेल तर यंत्र शून्य सांगत नाही, माहीत नाही असे सांगते. हा प्रामाणिकपणा भाषेच्या व्याकरणातच घातलेला मला फार आवडला.

टक्केवारी मात्र या निरोपात नाही. ती १२७५०६ मध्ये असते, आणि तो आठ बाइटांत मावत नाही. अशा लांब निरोपांचे तुकडे करून ते एकामागून एक पाठवतात आणि ऐकणारा ते जोडून घेतो. चार्जरचा निरोप १२७५०७, इन्व्हर्टरचा १२७५०९, बॅटरीची जात आणि क्षमता सांगणारा १२७५१३.

आमच्या नाचणाऱ्या आकड्यांचे मूळ मघाच्या त्या पहिल्या बाइटात होते, बॅटरीच्या अनुक्रमांकात.

जाळ्यातल्या प्रत्येक उपकरणाला ० ते २५१ मधला एक पत्ता लागतो. तो कारखान्यातून कायमचा येत नाही. चालू होताच उपकरण जाहीर करते, 'अमुक पत्ता माझा'. त्यासोबत स्वतःचे ६४ बिटांचे नाव सांगते. त्यात बनवणाऱ्याचा संकेतांक, नगाचा क्रमांक, उपकरणाचे काम असे सगळे असते. तोच पत्ता दुसऱ्याने मागितला तर ज्याचे नाव आकड्याने लहान त्याला तो मिळतो आणि दुसरा नवा पत्ता शोधतो. माणसाला काही करावे लागत नाही. पण त्यामुळे पत्ता बदलू शकतो. काल ३५ वर असलेले यंत्र उद्या ३६ वर असेल. मग 'वापराची बॅटरी कोणती' हे पडद्याने पत्त्यावरून ठरवून चालत नाही. तो अनुक्रमांक पाहतो. शून्य क्रमांकाची बॅटरी म्हणजे वापराची, एक क्रमांकाची दुसरी.

आणि यंत्रे कारखान्यातून बहुधा शून्य क्रमांक घेऊनच येतात. मित्राने दोन महिन्यांपूर्वी नाळेतल्या बॅटरीलाही मापक बसवून घेतला होता. जोडणी उत्तम होती, रोध बरोबर होते, फांद्या आखूड होत्या. फक्त क्रमांक बदलायचा राहिला. दोन्ही मापक आपापल्या पत्त्यावरून, नियम पाळून, खरी माहिती सांगत होते. दोघेही स्वतःला शून्य म्हणवत होते आणि पडदा ज्याचा निरोप शेवटी आला त्याचा आकडा दाखवत होता. ३८ टक्के खरेच होते, पण नाळेतल्या बॅटरीचे. तिला भरणाऱ्या तारेतला फ्यूज उडाला होता, म्हणून तीन तास इंजिन चालूनही ती ढिम्म राहिली.

त्या रात्री आम्ही उगाच डिझेल जाळले, इतकेच. उलट झाले असते तर? वापराची बॅटरी ३८ वर आणि नाळेतली ८१ वर असती, आणि पाहणाऱ्याची नजर ८१ वर पडून तो निवांत झोपला असता तर? किंवा दोन्ही आकडे जवळजवळचे असते, ६४ आणि ६१, तर आकडा हलतो आहे हेही कोणाच्या ध्यानात आले नसते.

दोन घरांची सोयरीक

विजेची उपकरणे या जाळ्याला जोडणे म्हणजे प्लग घातला आणि झाले, असे नसते. विजेच्या उपकरणांची स्वतःची घरे आहेत आणि घरातली बोली वेगळी आहे. उदाहरण म्हणून नेदरलँड्समधल्या व्हिक्ट्रॉनची मांडणी घेऊ. तिच्या छोट्या मापकांची आणि सौर चार्जरांची व्हीई.डायरेक्ट ही साधी क्रमिक तार, वेग सेकंदाला १९,२०० बिट. मोठ्या इन्व्हर्टरांची व्हीई.बस वेगळी. तिसरी व्हीई.कॅन, जी मुळात एनएमईए २००० चीच बोली त्याच वेगाने बोलते, पण तिचे भोक संगणकाच्या इंटरनेट तारेसारखे असते. होडीच्या जाळ्याचे टोक मात्र गोल, पाच पिनांचे, फिरवून घट्ट करायचे. मधे रूपांतर करणारी केबल लागते. बाकीच्या बोलींसाठी दुभाष्या यंत्र लागते, जे सगळ्यांचे ऐकते आणि त्यातले निवडक निरोप होडीच्या जाळ्यावर ठेवते.

इथे तीन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, जाळ्याला वीज कोण पुरवणार. एनएमईए २००० च्या केबलमधून संकेताबरोबर वीजही जाते, ९ ते १६ व्होल्टच्या हद्दीत. २४ व्होल्टच्या होडीवर ती परस्पर जोडली तर उपकरणे जळतील. आणि तिला वीज एकाच ठरलेल्या जागेहून द्यायची. दोन बाजूंनी दोन घरांनी वीज घातली की ऋण तारेला दोन वाटा तयार होतात. मग इन्व्हर्टरचा किंवा नांगराच्या यंत्राचा प्रचंड प्रवाह संकेताच्या बारीक केबलमधूनही वाट काढू पाहतो. म्हणून दोन घरांमध्ये विद्युत अलगाव ठेवतात, निरोप जातो पण वीज जात नाही.

दुसरी गोष्ट वेगाची. अनेक लिथियम बॅटऱ्यांची आतली रक्षक यंत्रणा, जिला बीएमएस म्हणतात, कॅननेच पण सेकंदाला पाच लाख बिटांनी बोलते. भोक तेच, तारा त्याच, वेग दुप्पट. ती चुकून अडीच लाखांच्या जाळ्यात घातली तर तिचे प्रत्येक बोलणे इतरांना कचरा वाटते. कॅनमध्ये चूक ऐकणारा ती जाहीर करतो आणि चालू निरोप मोडतो. आता सगळेच चूक जाहीर करू लागतात. म्हणजे बॅटरीची एक तार चुकीच्या जागी गेली आणि खोलीमापक, जीपीएस, वारा हे सगळे एकदम पडद्यावरून नाहीसे झाले, असे होऊ शकते. ज्या उपकरणाकडून वारंवार चुका होतात ते ठरावीक मर्यादेनंतर स्वतःहून गप्प बसते, ही सोय बॉशच्या अभियंत्यांनी ठेवली आहे. पण उथळ खाडीत शिरताना एवढा वेळही जास्त असतो.

तिसरी क्रमांकांची. ती आम्ही शिकलो.

निरोप म्हणजे राखण नव्हे

एवढे जाळे बसवल्यावर माणसाला वाटू लागते की आता होडी स्वतःची काळजी घेईल. इथे माझ्यातला उपकेंद्रातला माणूस जागा होतो.

लिथियम बॅटरी आणि अल्टरनेटर यांचे उदाहरण घ्या. बॅटरीत काही बिघडले तर बीएमएस तिला तोडून वेगळी करते. ते तिचे कामच आहे. पण त्या क्षणी अल्टरनेटर जोरात वीज ओतत असेल तर त्या विजेला जायला जागा राहत नाही. व्होल्ट क्षणार्धात उसळतो आणि अल्टरनेटरमधले डायोड जळतात. त्यासोबत होडीवरची नाजूक उपकरणेही जाऊ शकतात. बॅटरी वाचते आणि आंधळी होडी उरते. म्हणून तोडण्याआधी अल्टरनेटरला 'थांब' म्हणावे लागते. हे 'थांब' जाळ्यावरून पाठवता येते. पण ते फक्त जाळ्यावर सोपवू नये. त्यासाठी स्वतंत्र तार असावी, आणि जाळे मुके झाले तरी ती चालावी. तसेच बॅटरीजवळचा फ्यूज. त्याला कोणाचा निरोप लागत नाही, तो तापतो आणि वितळतो.

दुसरी अडचण साधी आहे. जाळे स्वतः होडीच्या बॅटरीवर चालते. बॅटरी पुरती बसली की ती बसल्याचा निरोप आणणाराही बसतो. शेवटचा निरोप पोहोचलेला असतो, त्यात अजून १० टक्के शिल्लक असतात आणि मग पडदा काळा होतो. इशारा मिळायचा तो आधीच मिळायला हवा. म्हणून धोक्याची घंटा ५ टक्क्यांवर न लावता ३०-४० वर लावावी.

विकतचा शब्दकोश

एक गोष्ट मात्र खटकली. एनएमईए २००० चे मानक विकत घ्यावे लागते आणि ते छापून वाटण्याची मुभा नाही. होडी मालकाची, तार मालकाची, बॅटरी मालकाची, पण त्या तारेवर काय बोलले जात आहे हे समजण्याचा कोश दुसऱ्याच्या कपाटात. संघटनेची बाजू समजते. मानक सांभाळणे, उपकरणे तपासून प्रमाणित करणे याला पैसा लागतो, आणि कोणीही अर्धवट वाचून बनवलेले उपकरण जाळ्यात घातले तर त्रास सगळ्यांनाच होतो.

तरी लोकांनी वाट काढली. तारेवरचे आकडे टिपून, होडीवर काय घडते आहे त्याच्याशी ताडून, एकेका निरोपाचा अर्थ लावण्याचे काम कॅनबोट नावाच्या मुक्त प्रकल्पात झाले. एखादी अनोळखी लिपी उलगडावी तसे. तिची माहिती आज कोणालाही वाचता येते. सिग्नल के हा दुसरा मुक्त प्रकल्प तीच माहिती साध्या, वाचता येणाऱ्या रूपात मांडतो. वर दिलेला आठ बाइटांचा अर्थ माझ्यासारख्या निवृत्त माणसाला घरबसल्या समजला तो अशा खटाटोपी लोकांमुळे.

गोव्यात पोचल्यावर मांडवीच्या काठी नांगर टाकून आम्ही लॅपटॉप जाळ्याला जोडला. यादीत दोन मापक दिसले, दोघांपुढे शून्य. नाळेतल्या मापकाचा क्रमांक १ केला. पडद्यावरचा आकडा ९२ वर येऊन स्थिर झाला. खाली दुसरी बॅटरी दिसू लागली, ३८. उडालेला फ्यूज बदलला तेव्हा ती संध्याकाळपर्यंत हलू लागली.

मित्राने आता बॅटरीच्या खणाच्या झाकणाला आतून एक कागद चिकटवला आहे. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला, मराठीत लिहिलेला. '० वापराची. १ नाळेची. २ इंजिनची.' खाली कण्याचा नकाशा, रोध कुठे आहेत त्याच्या दोन खुणा आणि 'बंद करून मोजावे, ६० यावे' असे एक वाक्य. शेजारी खिळ्याला एक स्वस्तातला मल्टिमीटर टांगला आहे. रोज संध्याकाळी खलाशी तिन्ही बॅटऱ्यांचे व्होल्ट हाताने मोजतो, पडद्याशी ताडतो आणि वहीत लिहितो. फरक दिसला तर आधी मला फोन येतो.